पायरीवरून ऐकलेले ब्लूज

त्या प्राध्यापकाचा राग मला अजून येतो. माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली, मी सत्तरी ओलांडली, कुंभकोणम् सोडून पुण्यात राहायला लागलो, तरी त्यानं त्या संध्याकाळी काढलेला तो बोळका आवाज आठवला की हातातला पेला खाली ठेवावा लागतो. त्या रागात माझा स्वतःचा वाटा मोठा आहे. म्हणूनच बहुधा तो शमत नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी चोवीस वर्षांचा, तार ऑफिसात नोकरीला. आमचं घराणं तंजावरच्या दरबाराबरोबर आलेलं; घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. रविवारी दुपारी तीन वाजता मी आमच्या डॉक्टरांच्या घरी जात असे. लढाईच्या काळात हे डॉक्टर आसामात फौजी इस्पितळात होते. शेजारी अमेरिकन लोकांची रस्ता बांधणारी पलटण होती. तिच्यातला एक काळा ट्रक ड्रायव्हर महिनाभर मलेरियानं त्यांच्या वॉर्डात पडून होता. बरा होऊन निघाला तेव्हा त्यानं चौदा तबकड्यांची एक लाकडी पेटी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं, हे आमच्याकडचं गाणं, याला ब्लूज म्हणतात. डॉक्टर ती पेटी घेऊन कुंभकोणम्‌ला आले खरे, पण आसामच्या दमट हवेनं तबकड्यांवरचे कागद सुटून गेले होते. कोण गातंय हे कळायला काही मार्गच उरला नाही.

मग गवयांना नावं आम्हीच ठेवली. आम्ही म्हणजे तिघं: डॉक्टर, मी आणि कॉलेजात इंग्रजी शिकवणारा तो प्राध्यापक. एक गवई नाकात गायचा, त्याचं नाव ‘पोडी’, म्हणजे तपकीर. एक बाई होती, तिचा आवाज असा भरलेला की पहिल्या ओळीलाच खिडकीची तावदानं थरथरायची. ती ‘पेरियक्का’, मोठी अक्का. आणि एक म्हातारा होता, गिटार घेऊन एकटाच गाणारा. शब्दाची शेवटची अक्षरं तो गिळून टाकायचा आणि मधेच लांब कण्हायचा. त्याला आम्ही ‘पल्लुवली’ म्हणत असू. तमिळमध्ये पल्लुवली म्हणजे दातदुखी.

डॉक्टरांचा जीव पेरियक्कावर. प्राध्यापकाला पोडी आवडायचा, कारण त्याची गिटार चपळ होती. मी पल्लुवलीचा. त्याच्या गाण्यात पायाचा ठेका ऐकू यायचा, लाकडी फळीवर टाच आपटल्यासारखा, आणि दिवसभर तारेचं यंत्र बडवणाऱ्या माझ्या कानाला तो ठेका नीट कळायचा. आम्ही वाद घालायचो, आणि थट्टा तर अखंड चालायची. या गाण्यांतला माणूस सकाळी उठतो आणि काहीतरी गेलेलं असतं: बायको, नोकरी, नाहीतर बूट. डॉक्टर म्हणायचे, या रोग्याला माझा एकच सल्ला, सकाळी उठू नका. प्राध्यापक म्हणायचा, त्याला आपल्या गावची दाट डिग्री कॉफी पाजा, गाणं आपोआप थांबेल. मी अख्ख्या गाण्याची तार करून दाखवायचो: ‘बायको गेली. नदी चढली. येऊ नका.’ अमेरिकेत गायला परवाना हवा असेल तर आधी डोळे जमा करावे लागतात, हा विनोद प्राध्यापकाचा, कारण यातले पुष्कळ गवई आंधळे असतात असं त्या ड्रायव्हरनं डॉक्टरांना सांगितलं होतं. आम्ही त्यालाही हसलो होतो.

डॉक्टरांचा दवाखाना घराच्या पुढच्या भागातच होता. रविवारी तो बंद असे, पण डोळ्यात घालायचं औषध न्यायला एक म्हातारे गृहस्थ येत. महामहम् तळ्यामागच्या गल्लीत राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी नागस्वर, म्हणजे दक्षिणेकडची लांब सनई, वाजवलं होतं, देवळात, लग्नात, मिरवणुकीत. मग दृष्टी गेली, आणि वरचे दात पडले. दात गेले की ओठाला टेकू राहत नाही आणि नागस्वराची पिपाणी तोंडात धरवत नाही, म्हणून त्यांचं वाजवणं थांबलं. मी त्यांना तात्ता म्हणत असे, आजोबा. प्राध्यापक त्यांना ‘किळवन’ म्हणायचा, म्हणजे म्हातारडा. तेही त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. ते मात्र आम्हा सगळ्यांना ‘सामी’ म्हणत, म्हणजे मालक.

एका रविवारी ते औषध घेऊन उठायच्या बेतात होते आणि आत पल्लुवली सुरू झाला. ते पुन्हा पायरीवर बसले. तबकडी संपली तसा बाहेरून त्यांचा आवाज आला, “सामी, या माणसाचे वरचे दात गेलेत.”

प्राध्यापक इतका हसला की त्याच्या हातातली कॉफी बशीत सांडली. मी बाहेर गेलो. तात्तांनी मला तबकडी परत लावायला सांगितली आणि ऐकता ऐकता समजावून दिलं. कुठली अक्षरं तो गिळतो, ती गिळायला का लागतात, आणि दातांनी जे जमत नाही ते तो घशानं कसं भरून काढतो. मग त्याच्या गांधाराबद्दल म्हणाले की हा सूर एका जागी उभाच राहत नाही, दोन गांधारांच्या मधे झुलत राहतो आणि कुठंच टेकत नाही. ही चूक नव्हे, हे त्याला येतं म्हणून तो करतोय. मी त्यांना आमचं ‘पल्लुवली’ हे नाव सांगितलं. ते हसले, अगदी मोकळेपणानं. नाव बरोबर ठेवलंय म्हणाले.

मग ते दर रविवारी यायला लागले. औषधाची बाटली रिकामी झालेली नसली तरी. आत या असं त्यांना कुणी म्हटलं नाही, ओट्यावरसुद्धा कुणी बोलावलं नाही. ते खालच्या पायरीवर बसायचे, आणि मी आत-बाहेर करायचो. घरी हे सांगितलं तेव्हा आईनं आमच्या जुन्या मराठीत विचारलं, “तूं त्यांला आंत कां नाहीं बोलाविलें?” घर डॉक्टरांचं आहे, मी कोण बोलावणारा, असं मी म्हणालो. आईनं पुढं काही विचारलं नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचाही मला तेव्हा राग आला होता.

पायरीवर बसूनच तात्तांनी मला एक हकिगत सांगितली. तरुणपणी एका जमीनदाराच्या घरच्या लग्नात ते खांद्यावर अंगवस्त्र टाकून वाजवायला उभे राहिले. घरच्या कारभाऱ्यानं हुकूम केला, ते खांद्यावरून काढ आणि कमरेला बांध. वरच्या जातीच्या यजमानासमोर वाजवणाऱ्यानं ते खांद्यावर ठेवायचं नाही, अशी रीत होती. तात्तांनी काढलं नाही. तेव्हा त्यांना नदीपासून मांडवापर्यंत भर उन्हात न थांबता वाजवायला लावलं, आणि मांडवाशी पोचल्यावर पुन्हा नदीपर्यंत. हे सगळं ते आवाज न चढवता सांगत होते, जणू दुसऱ्याच कुणाचं. माझेच कान तापले होते. मी म्हटलं, त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं असेल. त्यांनी मान आतल्या ग्रामोफोनच्या दिशेनं वळवली.

“तुम्ही लोक म्हणता हा रडतोय,” ते म्हणाले. “हा रडत नाही, सामी. हा जाब विचारतोय. फक्त समोरच्याला कळू नये म्हणून रडल्यासारखा विचारतोय.”

मी धावतच आत गेलो आणि हे जसंच्या तसं दोघांना सांगितलं. डॉक्टर वाहवा म्हणाले. प्राध्यापकानं खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. मला आनंद झाला. वाटलं, अखेर याला कळलं.

दोन महिन्यांनी गावातल्या टेनिस क्लबात प्राध्यापकाचं भाषण ठरलं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यावर. शनिवारी पाच वाजता, क्लबाच्या व्हरांड्यात. कॉलेजातले लोक, वकील, दोन-चार जमीनदार, त्यांच्या बायका. ग्रामोफोन माझ्याकडे. मी तात्तांना सांगून आलो, की तुम्ही जे म्हणालात ते तिथं सगळ्यांसमोर सांगितलं जाणार आहे, तुम्ही यायलाच हवं. प्राध्यापकाला मी काही विचारलं नव्हतं. मीच आपला ठरवून मोकळा झालो.

तात्ता मुलीबरोबर आले. मुलगी तिशीची असेल, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. तात्तांच्या अंगावर धुतलेली वेष्टी, म्हणजे पांढरं धोतर, आणि खांद्यावर इस्त्री केलेलं अंगवस्त्र. क्लबाच्या पहारेकऱ्यानं दोघांना बागेतच, क्रोटनच्या कुंड्यांजवळ थांबवलं. मला व्हरांड्यातून ते दिसत होतं. मी सुया बदलत होतो. उठलो नाही.

प्राध्यापकानं इंग्रजीत भाषण केलं. चांगलं केलं, हे कबूल करायला हवं. मग म्हणाला, बरीच वर्षं हे गाणं ऐकून मी अशा निष्कर्षाला आलो आहे, की हे रडणं नव्हे, हे रडण्याच्या आवाजात जाब विचारणं आहे. टाळ्या पडल्या. माझा हात सुयांच्या डबीवर तसाच राहिला. वाटलं, आता नाव घेईल. निदान एका वृद्ध कलावंतानं मला सांगितलं, एवढं तरी म्हणेल. तो पाणी प्याला आणि म्हणाला, आता थोडी गंमत.

तो आत गेला आणि परत आला तेव्हा तोंडाला काजळी फासलेली, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी. खुर्च्यांना अडखळत आला. बायकांनी तोंडाला पदर लावले. त्यानं ओठ आत मुडपून घेतले आणि पल्लुवलीसारखं कण्हायला सुरुवात केली. इथवर ती आमची नेहमीची थट्टा होती. मग तो मधेच थांबला, काठीवर हनुवटी टेकली, आणि तमिळमध्ये, बोळक्या तोंडानं, हुबेहूब तात्तांच्या आवाजात म्हणाला, “सामी, या माणसाचे वरचे दात गेलेत.” पाठोपाठ तात्तांचं ते घसा साफ करणं आणि खांद्यावरचं वस्त्र सारखं चाचपून पाहणं.

व्हरांडा हसून लोटपोट झाला. नक्कल अचूक होती.

मी हसलो. हे मी लिहिलंच पाहिजे. तोंड उघडून, आवाज काढून हसलो, आणि हसता हसता बागेकडे पाहिलं. मुलगी माझ्याकडे बघत होती.

हसणं ओसरायच्या आत बागेतून आवाज आला. मिरवणुकीच्या शेवटच्या माणसापर्यंत सूर पोचवण्यात ज्यांची उमर गेली, त्यांचा आवाज व्हरांड्यापर्यंत यायला काहीच अडचण नव्हती.

“नक्कल झाली. आता त्या माणसाला गाऊ द्या.”

काजळी फासलेल्या तोंडानं प्राध्यापक म्हणाला की वेळ संपली, कॉफी आलेली आहे. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली, नको. तेवढं एक मी ऐकलं नाही. पल्लुवलीची तबकडी वर होतीच. किल्ली दिली आणि सुई टेकवली. लोक कॉफीकडे निघाले. खुर्च्या सरकल्या, पेले वाजले, कुणीतरी मुलाच्या परीक्षेबद्दल बोलायला लागलं. गाणं तीन मिनिटांचं. तात्ता कुंड्यांजवळ उभ्यानं, मान खाली घालून ऐकत होते. सुई शेवटच्या रेघेत खरखरायला लागल्यावर मी बागेत धावलो. तोवर ते फाटकाबाहेर पडले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी तीन वाजता डॉक्टरांकडे गेलो तो भांडायलाच. प्राध्यापक आरामात बसला होता. त्याच्या कानामागं थोडी काजळी राहून गेली होती.

मी विचारलं, तुम्ही त्यांचं नाव का घेतलं नाही. तो म्हणाला, कुणाचं? मला खरंच वाटतं की क्षणभर त्याला कळलं नव्हतं. मग म्हणाला, वाक्य कुठूनही येवो, मांडणी माझी होती. आणि नकलेचं काय एवढं, ती प्रेमाची थट्टा. इतकी वर्षं आपण तिघं हेच करत आलो, तूही करत आलास.

“ते गवई समुद्रापलीकडे आहेत,” मी म्हणालो. “तात्ता समोर उभे होते.”

“किळवनला काय कळलं असेल? भाषण इंग्रजीत होतं.”

“नक्कल तमिळमध्ये होती.”

त्यानं खांदे उडवले. डॉक्टर म्हणाले, कॉफी गार होतेय, बस. मला त्या कॉफीचा जितका राग आला तितका त्या दिवशी दुसऱ्या कशाचाच आला नसेल. मी ओरडलो. एका काळ्या शिपायानं जीव वाचवल्याबद्दल दिलेलं गाणं तुम्ही काजळी फासायला वापरलंत, आणि त्या गाण्याचा खरा जाणकार दर रविवारी तुमच्या पायरीवर बसून राहिला, असं काहीतरी. मग मी पल्लुवलीची तबकडी मागितली, तात्तांना द्यायला. डॉक्टरांनी पेटीचं झाकण शांतपणे लावलं. ती मला दिलेली भेट आहे, म्हणाले. त्यात चुकीचं काही नव्हतं, आणि म्हणूनच मी दार आपटून निघालो.

तसाच तळ्यामागच्या गल्लीत गेलो. दारात मुलगी आली. मी म्हटलं, तात्तांची माफी मागायची आहे. त्या प्राध्यापकाला मी आत्ताच तोंडावर चार शब्द सुनावून आलोय.

ती म्हणाली, “अप्पा झोपलेत.”

मी थांबतो म्हटलं. तिनं दाराची चौकट सोडली नाही.

“त्यांना दिसत नाही,” ती म्हणाली. “तुम्ही पेटीपाशी बसून हसत होतात, ते मी त्यांना सांगितलेलं नाही. थांबलात तर सांगावं लागेल.”

मी परत फिरलो. वाटेत मला तिचाही राग आला. मग माझा. मग पुन्हा प्राध्यापकाचा, कारण तो करणं सोपं होतं.

रविवारची बैठक माझ्यापुरती तिथं संपली. पुढं प्राध्यापकानं ते भाषण कॉलेजच्या वार्षिकात छापलं. जाब विचारण्याचं वाक्य तिसऱ्या परिच्छेदात होतं, त्याचंच म्हणून. तार ऑफिसात कुणीतरी तो अंक माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, हे तर तुमचे मित्र ना. मी तो अंक त्याच्यासमोर फाडला. तो त्याचा अंक होता. मला नवा आणून द्यावा लागला.

त्याच वर्षी पापनाशम्‌ला माझ्या मामेबहिणीचं लग्न होतं. मांडवात शिरलो तर नागस्वराचा ताफा मांडवाबाहेर, जोडे काढून ठेवले होते त्याच्या शेजारी चटईवर बसलेला. दोन नागस्वरं, एक तविल, म्हणजे गळ्यातला ढोल. मामा मुख्य वाजवणाऱ्याला सांगत होते, यजमानांसमोर वाजवताना खांद्यावरचं काढून ठेवावं, इतकीही रीत आता उरली नाही का.

माझं डोकंच फिरलं. एवढे महिने साठलेलं सगळं मी मामांवर काढलं. म्हणालो, ही माणसं मांडवात, ओट्यावर बसतील, खांद्यावरचं खांद्यावर ठेवून बसतील, नाहीतर मी इथून हलत नाही. मामा म्हणाले, तार ऑफिसात टकटक ऐकून तुझं डोकं फिरलंय. मी त्यांना सर्वांसमोर नको ते बोललो. वराकडची मंडळी जमली. मुहूर्त जवळ आला, भटजी हाका मारायला लागले, आणि वाजवणारे तिघं वाद्यं हातात घेऊन अवघडून उभे. त्यांच्यातला कुणीही माझ्याकडे बघत नव्हता. अखेर मुहूर्त टळेल या भीतीनं मामांनी हात झटकले आणि वाजवणारे ओट्याच्या कडेला बसले. मंगलवाद्यं वाजली. लग्न लागलं. माझ्याशी कुणी बोललं नाही, जेवायच्या पंगतीत माझं पान मांडलं नाही, आणि त्यानंतर मामांच्या घरी मला बोलावणंही आलं नाही. आईला त्यांनी बोलावलं. ती गेली नाही.

मला मात्र छाती फुगल्यासारखी वाटत होती. काहीतरी फेडलं असं वाटत होतं.

महिन्याभरानं महामहम् तळ्याच्या काठावर तात्ता भेटले. मुलीचा हात धरून देवळातून येत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि माझं नाव सांगितलं. तात्ता म्हणाले, ओळखलं, आवाजावरून कळलं. मी माफीची सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“पापनाशम्‌च्या लग्नात दुसरं नागस्वर वाजवत होता तो माझा पुतण्या,” ते म्हणाले. “तुमच्या भांडणापायी त्यांना तीन वाजेपर्यंत कुणी जेवायला वाढलं नाही, सामी. पहाटेपासून उपाशी होते. पुन्हा असं काही करायचं झालं तर आधी त्यांना विचारा.”

रागाचा एकही शब्द त्यांच्या आवाजात नव्हता, आणि मला वाटतं, मला तोच हवा होता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन झोपलो असतो. ते मुलीबरोबर गल्लीकडे वळले. काही दिवसांनी माझी बदली मद्रासला झाली, पुढं पुण्याला, आणि तात्ता गेल्याचं मला वर्षभर उशिरा, आईच्या पत्रातून कळलं. त्या पत्रात तिनं एवढंच लिहिलं होतं, की अंत्ययात्रेत पुढं तीन ताफे वाजत होते आणि प्राध्यापकही येऊन गेला.